ऑपरेटरचं कार्ड

नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात मी बावीस वर्षं प्रशासन पाहिलं. प्रशासन म्हणजे बहुतेक वेळ फरशी. डॉक्टर हुशार आहेत की नाहीत हे पेशंटला उशिरा कळतं. फरशी चिकट आहे हे दारातच कळतं, आणि ते सांगायला लोक माझ्या केबिनमध्ये येत.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत सफाईला माणसं मिळेनाशी झाली. पुरुष अंबडच्या कारखान्यांत जात, बायका द्राक्षबागेवर. हंगाम सुरू झाला की आमच्या हजेरीपटावर फुल्याच फुल्या. एकीला मी फोन करून म्हटलं, "अहो, बागेत दिवसभर उन्हात उभं राहायचं. इथे डोक्यावर पंखा आहे. मग तिकडे का जाता?"

ती म्हणाली, "सर, इथं बागेत कुणी नाकाला रुमाल लावून बाजूनं जात नाय."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. हजेरीपटावर तिच्या नावापुढे आणखी एक फुली मारली.

एकदा तिसऱ्या मजल्यावर कुणीच आलं नाही तेव्हा मी स्वतः मॉप हातात घेतला. टाय मध्ये येत होता, तो शर्टात खोचला. पंधरा मिनिटांत तिघांनी माझ्याकडे बेडपॅन मागितलं. आमचे व्याही त्या दिवशी कुणाला तरी भेटायला आले होते. त्यांनी मला नीट पाहिलं, आणि लिफ्ट समोर असताना जिन्याने निघून गेले. तो विषय त्यांनी आजवर काढलेला नाही. मीही नाही.

अशात मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे मालक, कुठल्याशा परिषदेला गेले आणि तिथल्या विमानतळावर त्यांना फरशी पुसणारा रोबो दिसला. त्यांनी मला व्हिडिओ पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं : "प्रश्न सुटला."

दोन महिन्यांनी रोबो आला. कमरेइतका उंच, पांढरा, पुढे डोळ्यांसारखे दोन दिवे. आपल्याकडे नवीन मशीन आलं की पूजा होते, तशी झाली. हळदकुंकू नेमकं सेन्सरवर वाहिलं गेलं. पुण्याहून आलेल्या कंपनीच्या इंजिनिअरने कुणाचं लक्ष नाही असं पाहून ते रुमालाने टिपलं. मोठ्या डॉक्टरांनी नारळ फोडला. पाणी फरशीवर सांडलं. सगळे रोबोकडे पाहू लागले.

"अजून चार्ज व्हायचाय," इंजिनिअर म्हणाला.

मग आमच्या मावशी पुढे आल्या, फडक्याने पाणी टिपलं आणि परत मागे जाऊन उभ्या राहिल्या. टाळ्या वाजल्या, त्या रोबोसाठी.

या मावशी सायखेड्याच्या बाजूने रोज सकाळच्या एसटीने येत. वय पन्नाशीच्या पुढे. सफाईच्या माणसांत सगळ्यांत जुन्या त्याच. बाकीच्या बागेवर गेल्या तरी त्या गेल्या नाहीत. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. टिकलेल्या माणसाला आपण कारण विचारत नाही. विचारलं तर त्याच्याही ध्यानात येईल अशी भीती वाटते.

रोबोला आधी मजल्याचा नकाशा शिकवावा लागतो. इंजिनिअरने त्याला दोन दिवस सगळ्या कॉरिडॉरमधून फिरवला. अडचण अशी, की हॉस्पिटलचा मजला सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. मध्येच स्ट्रेचर येतात, डबे येतात, नातेवाईक चटया अंथरतात. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. चप्पल दिसली की रोबो थांबायचा आणि अतिशय नम्र आवाजात हिंदीतून रस्ता मागायचा. नामपूरकडचे एक आजोबा पाय पसरून भिंतीला टेकले होते. त्यांनी रोबोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, शेजारच्याला अहिराणीत "हाई काय शे?" म्हणून विचारलं आणि पाय तसेच ठेवले. रोबो दहा मिनिटं त्यांच्यासमोर उभा होता. दोघांपैकी कुणीच माघार घेतली नाही. शेवटी मावशींनी आजोबांना उठवून बाकावर बसवलं.

रोबोला ऑपरेटर हवा होता. सफाई कामगार पाहिजे अशी जाहिरात आम्ही वर्षभर देत होतो, तिला एकही अर्ज आला नव्हता. 'रोबो ऑपरेटर पाहिजे' अशी दिल्यावर दोन दिवसांत माझं टेबल भरलं. डिप्लोमावाले, पदवीवाले, एक जण तर एमबीए. आम्ही तिशीतला एक इंजिनिअर निवडला. शांत, व्यवस्थित, इस्त्रीचा शर्ट. त्याचं लग्न जमवायचं चाललं होतं.

चार दिवस तो स्क्रीनवर बटणं दाबत होता. पाचव्या दिवशी त्याला कळलं, की रोबोच्या पोटात मळक्या पाण्याची टाकी असते आणि ती दिवसातून तीनदा मोरीत ओतावी लागते. ब्रशात केस अडकतात, ते हाताने काढावे लागतात. तोपर्यंत हे सगळं मावशी न सांगता करत होत्या, म्हणून त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आठवडा झाल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला.

"सर, घरी सांगितलंय की मी रोबोटिक्समध्ये आहे. उद्या मुलीकडचे लोक मला बघायला हॉस्पिटलात यायचं म्हणतायत."

"मग?"

"मग मी कुठे उभा राहू, सर?"

मी त्याच्यासाठी चहा मागवला. तो राजीनामा देऊन गेला. पुढे लग्न जमल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी मावशी केबिनच्या दारात आल्या. आत कधी येत नसत, दारातूनच बोलत.

"सर, ते मशीन मी चालवते."

"मावशी, ते तुमचं काम नाही," मी म्हणालो. चांगल्या मनानेच म्हणालो. त्यांच्यावर आणखी एक काम नको, असं वाटलं. निदान तेव्हा तरी मी स्वतःला तसंच सांगितलं.

"पाणी मी भरते. घाण मी ओतते. ब्रश मी धुते. त्याच्या पुढं चालून चपला मीच सरकवते. मग ऱ्हायलं काय?"

"बटण."

"मग बटण दावा."

बटणं दाखवायला अर्धा दिवस लागला, त्यातला बराचसा वेळ मला स्वतःला ती समजण्यात गेला. स्क्रीनवर सगळं इंग्रजीत होतं. मावशी चौथी शिकलेल्या. त्यांनी अक्षरांकडे पाहिलंच नाही. थेंब म्हणजे पाणी, घर म्हणजे चार्जिंगची जागा, लाल म्हणजे अडकला, एवढं धरून ठेवलं. आठवड्याभरात त्यांनी पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावायला सांगितला.

"तुमचा नकाशा चुकलाय," त्या त्याला म्हणाल्या. "ह्यो मधल्या मोकळ्या जागेत दोनदा फिरतो. तिथं घाण नसतीच. घाण लिफ्टपाशी आन् औषधाच्या खिडकीखाली. लोक थुंकतात कुठं, सांडतात कुठं, ते मी सांगते, तुम्ही लिवून घ्या."

त्याने लिहून घेतलं. नकाशा बदलला. तक्रारी कमी झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून रोबोचं कौतुक केलं.

मग मावशींनी कार्ड मागितलं. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'सफाई कामगार' होतं, तिथे त्यांना 'ऑपरेटर' हवं होतं. मी वर विचारलं. वरून उत्तर आलं, ऑपरेटरला किमान डिप्लोमा लागतो, जाहिरातीत तसं छापलं होतं. ती जाहिरात मीच लिहिली होती, अट बदलून परत वर पाठवता आली असती. मी फाईल ड्रॉवरमध्ये ठेवली. मावशी रोज दारातून विचारत, "झालं का, सर?" मी रोज सांगत असे, "चालू आहे." चालू काहीही नव्हतं.

पंधरा दिवसांनी बाहेरगावचे काही डॉक्टर हॉस्पिटल बघायला येणार होते. मोठ्या डॉक्टरांना त्यांना रोबो दाखवायचा होता. सकाळी मी खाली आलो, तर रोबो त्याच्या जागेवर उभा आणि मावशी मॉपने कॉरिडॉर पुसतायत.

"मावशी, मशीन?"

त्यांनी गळ्यातलं कार्ड माझ्यासमोर धरलं. "हिथं काय लिवलंय, वाचा. तेच करतेय."

आवाज चढलेला नव्हता. डोळ्यांत पाणीबिणीही नव्हतं. मी त्यांना समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाहुणे आत आले.

मोठ्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत प्रस्तावना केली आणि स्वतः बटण दाबलं. दिवे लागले. टाकीत पाणी नाही, असं रोबोने नम्रपणे सांगितलं. त्यांनी पुन्हा दाबलं. रोबोने पुन्हा सांगितलं, तितक्याच नम्रपणे.

"पाणी कोण भरतं?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. बरीच वर्षं वरिष्ठांसमोर उभं राहून एक सवय लागते, आधी फाईलची भाषा तोंडात येते. मी म्हणालो, "सर, ते प्रक्रियेत आहे."

"मी भरते," मागून मावशी म्हणाल्या. मॉप भिंतीला टेकवून त्या पुढे आल्या. "पण ते ऑपरेटरचं काम हाय. मी सफाईवाली. सरांना इचारा."

पाहुण्यांपैकी एका वयस्क बाई डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "मग तुमचे ऑपरेटर कोण?" मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रॉवरची किल्ली खिशातल्या खिशात चाचपत होतो. मग मी सांगितलं, की ऑपरेटर याच आहेत, दीड महिन्यापासून, आणि कागद माझ्याकडे अडकलाय. तो अडकला नव्हता, मी अडकवला होता. एवढं खरं बोलणं तेव्हा जमलं नाही.

पाहुण्यांना चहाला नेलं. डिप्लोम्याची अट मोठ्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे सोडली आणि संध्याकाळच्या आत कार्ड छापून झालं. फोटोसाठी मावशींनी पदर नीट केला, हसा म्हटलं तरी हसल्या नाहीत. कार्ड गळ्यात घालून आधी टाकीत पाणी भरलं, मग बटण दाबलं.

एवढ्याने माणसांची टंचाई संपली, असं नाही. रोबो कॉरिडॉर पुसतो. संडास, न्हाणीघरं, कोपरे, रक्ताचे डाग हे सगळं अजून हातानेच होतं. पण पुढच्या हंगामानंतर बागेवरच्या दोघी परत आल्या, आणि दोघींनी सगळ्यात आधी कार्डावर काय लिहिणार ते विचारलं. या वेळी मी फाईल ड्रॉवरमध्ये ठेवली नाही. पुढे शहरातल्या दुसऱ्या एका हॉस्पिटलाने तसंच मशीन घेतलं, तेव्हा तिथल्या बायकांना शिकवायला कंपनीने मावशींना नेलं. गाडी पाठवली होती. मावशी ड्रायव्हरशेजारी बसून गेल्या.

निवृत्त होण्याआधी एकदा मी त्यांना विचारलं, की सगळ्या बागेवर जात होत्या तेव्हा तुम्ही का थांबलात? मला वाटलं, काही मोठं ऐकायला मिळेल.

"मला द्राक्षाच्या औषधाची खाज येते," त्या म्हणाल्या. "लय अंगावर उठतं."

गेल्या महिन्यात बायकोची शुगर तपासायला मी त्याच हॉस्पिटलात गेलो. रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलो होतो. मावशी पुण्याच्या इंजिनिअरशी फोनवर बोलत मशीनमागून येत होत्या. डावा ब्रश बदलायचाय, गेल्या आठवड्यात सांगितलं होतं, अजून पार्सल नाही, असं काहीतरी. मी उठून नमस्कार करायला गेलो. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"सर, बसून ऱ्हावा. फकस्त पाय वर घ्या."

मी पाय वर घेतले. बायकोनेही घेतले.