ग्राझला नेलेला अबोला

चार मराठी कुटुंबं सिंगापूरला बुकित पंजांगच्या एका ब्लॉकमध्ये बारा वर्षं राहिली, की किस्से जुन्या चार्जरसारखे साठत जातात. कुठला कोणत्या फोनचा हे आठवत नाही, पण टाकवत कुणालाच नाही. दर महिन्याला कुणाच्या तरी फ्लॅटवर जेवण, आणि मग तेच किस्से! ग्राझच्या ट्रिपचे तर सगळ्यांना पाठ आहेत. फक्त ते सांगतात सप्रे काका, आणि सांगताना आमचं घर तेवढं गाळतात. म्हणून मी लिहितोय.

*

ग्राझ आईने निवडलं. ऑस्ट्रियातलं दोन नंबरचं शहर. "एक नंबरच्या शहरात सगळे पळत असतात," ती म्हणाली. "आपण एकच शहर घ्यायचं. सात दिवस. काही बघायचं नाही, नुसतं फिरायचं."

हे ती सगळ्यांच्या जेवणात बोलली, तिथेच चुकलं. आठवड्याभरात चारही कुटुंबांची जूनची तिकिटं! सप्रे काकांनी फोनवर 'रिलॅक्स ग्राझ' नावाचा ग्रुप काढला. पहिला मेसेज: "रोज सकाळी सात वीसला लॉबीत हजेरी. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही."

*

मी दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं आणि यिशुनला सायकलदुरुस्तीच्या दुकानात लागलो. त्या दिवसापासून बाबांचा अबोला. आरडाओरडा नाही, काही नाही. सगळं आईमार्फत. एकाच टेबलावर तिघं जेवतोय आणि बाबा म्हणणार, "अगं, त्याला विचार, आमटी हवी का." मी म्हणणार, "आई, त्यांना सांग, नको." आई भात कालवत म्हणायची, "दोघांनाही ऐकू आलंय. मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?"

पुढे पुढे तिने एडिटिंग सुरू केलं. एकदा बाबा म्हणाले, "त्याला विचार, सायकली पुसण्यातच जन्म घालवणार आहे का?"

आई माझ्याकडे वळली. "बाबा विचारतायत, रेनकोट घेतलास का."

बाबा समोरच बसले होते!

*

फेब्रुवारीत आई गेली. ऑफिसातून येताना मेट्रोत चक्कर आली, मग हॉस्पिटल, मग दोन दिवस. बस.

तिसऱ्या दिवशी फ्लॅट माणसांनी भरला. सप्रे काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आता तरी डिग्री पूर्ण कर रे. तिच्या आत्म्याला बरं वाटेल."

मी म्हटलं, "काकू, हॉस्पिटलचा फोन मी उचलला. डिग्रीवाले सगळे मीटिंगमध्ये होते!"

वाक्य काकूंसाठी होतं. लागलं बाबांना. त्या दिवशी फोन आला तेव्हा ते मीटिंगमध्ये होते. ते उठले, आत गेले आणि दार नुसतं लोटून घेतलं. हा किस्सा सप्रे काका कधीच सांगत नाहीत.

*

आम्ही ट्रिप रद्द करणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मेमध्ये एका सकाळी लिफ्टमध्ये बाबा, सप्रे काका आणि मी. बाबा म्हणाले, "सप्रे, त्याला विचारा, ग्राझला येणार आहे का."

काका ऑफिसात चाळीस माणसांचे मॅनेजर. ते अर्ध्या फुटावरून माझ्याकडे वळले. "येणार आहेस का?"

"त्यांना सांगा, आईने ठरवलंय, तर येणार."

काका परत वळले. "येणार म्हणतो."

लिफ्टमध्ये एक चिनी आजी होती. तिने आम्हा तिघांकडे पाहिलं आणि दोन मजले आधीच उतरली.

*

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये टेबल अडवायचं तर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, त्याला चोप करणं म्हणतात. अख्खं शहर ते पाकीट मानतं. सप्रे काकूंना वाटलं, जगच मानतं! ग्राझच्या चौकात त्यांनी तीन टेबलांवर पाकिटं ठेवली आणि आम्हाला कारंजं बघायला नेलं. परत येतो तर मधल्या टेबलावर एक ऑस्ट्रियन कुटुंब आइस्क्रीम खातंय आणि नातीचं तोंड आमच्या टिश्यूने पुसतंय!

"हॅलो! वी चोप्ड!" काकू ओरडल्या.

त्यांचे आजोबा उठून उभे राहिले, काकूंचा हात हातात घेतला आणि टिश्यूबद्दल मनापासून थँक्यू म्हणाले.

इथे सगळे हसतात. पुढचं असं, की कडेच्या टेबलापाशी एका खुर्चीवरही पाकीट होतं. काकू म्हणाल्या, "हे कुणी ठेवलं? इथे कोण बसणारे?" बाबांनी ते पाकीट नीट सरळ करून ठेवलं. मग काकूच खाली बघायला लागल्या. ती खुर्ची तशीच राहिली.

*

पाचव्या दिवशी हजेरीला दांडी मारून मी एकटा निघालो. नदीकाठी एका कॅफेत बसलो, तर थोड्या वेळाने बाबा आले. त्यांनीही दांडी मारली होती! दुसरं टेबल रिकामं नव्हतं. माझ्यासमोर बसले. पांढऱ्या मिशांचा वेटर आला.

बाबा त्याला म्हणाले, "प्लीज आस्क हिम, डझ ही वॉन्ट केक?"

वेटरने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पाठ ताठ करून मला म्हणाला, "सर, द जंटलमन विशेस टू नो. केक?"

"टेल द जंटलमन, ओन्ली कॉफी."

"ओन्ली कॉफी, सर," त्याने बाबांना कळवलं. जाताना माझ्या कानाशी वाकला. "फादर?"

"येस."

"माइन ऑल्सो," तो म्हणाला. "टिल द एंड."

*

शेवटच्या दुपारी सगळे श्लॉसबर्गच्या टेकडीवर गेलो. तिथे मनोऱ्यावर एक जुनं घड्याळ आहे. त्याचा मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं. सप्रे काकांना हे माहीत नव्हतं, आणि मनगटावरचं घड्याळ त्यांनी ऑफिसच्या कॉलसाठी सिंगापूरच्या वेळेवरच ठेवलं होतं. अडीच वाजले होते. काकांनी सहा बारा वाचले! "सहाला पॅकिंगची हजेरी होती! चला, चला, चला!" तीन कुटुंबं लिफ्टने खाली पळाली.

बाबा पलीकडच्या बाकावर गुडघा चोळत बसले होते. मी भिंतीपाशी. आम्हाला कुणी मोजलंच नाही.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. मध्ये एका माणसाची जागा. खाली लाल कौलं, नदी, आणि कुठे जायची घाई नाही. बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एक जोडपं फोटो काढत होतं, तेही गेलं. वेटर नाही, सप्रे नाहीत, कुणी नाही.

बाबांनी उठायचा प्रयत्न केला आणि परत खाली बसले. मग त्या मधल्या जागेकडे बघत हळूच म्हणाले, "अगं, त्याला सांग, गुडघा धरलाय. उठवत नाही."

मीही तिकडेच पाहिलं.

"आई, त्यांना सांग, हात पुढे करा."