पायी चालणारी फटफटी

"आयकू नको रे, हात लाव."

एवढं बोलून मामा माझं मनगट धरायचे आणि माझा पंजा फटफटीच्या पेट्रोलच्या टाकीवर दाबायचे. इंजिन चालू असायचं. लालबागमध्ये लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा माझा धंदा, म्हणजे माझं पोट कानांवरच चालायचं. पण मामांपुढे माझ्या कानांना काडीची किंमत नव्हती. "काय कळला?" ते विचारायचे. मला काहीही कळलेलं नसायचं, पण मी शहाण्यासारखी मान डोलवायचो. मग ते स्वतःचा पंजा टाकीवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "डावो जरा आळशी झालो हा."

डावा म्हणजे डावा कार्बोरेटर, इंजिनला हवा आणि पेट्रोल मिसळून पाजणारा. मामांच्या फटफटीला दोन कार्बोरेटर होते, आणि ते दोन पोरांबद्दल बोलावं तसं त्यांच्याबद्दल बोलायचे. उजवा शहाणा, पण उद्दाम. डावा गरीब, पण आळशी.

गंमत म्हणजे मामांना जवळजवळ ऐकूच यायचं नाही. गिरणीत कापड विणायच्या मागाला साचा म्हणतात. मामा साचेवाले. एका छपराखाली शेकडो साचे दिवसभर खडखडत असतील, तर त्यात उभा जन्म काढणाऱ्याचे कान कुठवर टिकणार? त्या खात्यातली माणसं एकमेकांशी आवाजाने बोलतच नसत. ओठ हलवायचे, बोटांनी खुणा करायच्या, की समोरच्याला सगळं समजायचं. मामा तुमच्या ओठांकडे बघून तुमचं बोलणं बिनचूक ओळखायचे. स्वतः मात्र बोलायचे ते इतक्या मोठ्याने, की मामींच्या कानात सांगितलेली गोष्ट तिसऱ्या मजल्यावरची माणसं खाली येऊन नीट विचारून घ्यायची.

आता असल्या माणसाने फटफटी बांधावी? पण त्यांनी बांधली. महायुद्ध संपल्यावर लष्कराचा जुना माल लिलावात निघाला होता, त्यातला सांगाडा एका गाडीचा, दोन सिलिंडरचं इंजिन दुसरीचं, शेजारची बैठक, म्हणजे साइडकार, तिसरीची. तिचं चाक तर कशाचं होतं ते मामांनाही सांगता येत नसे. मूळ इंजिनला कार्बोरेटर एकच होता. बाजूला बैठक जोडली तर ओझं ओढायला दम कमी पडेल म्हणून मामांनी चोरबाजारात शोधशोधून त्याचा जोडीदार आणला. तेव्हापासून त्यांच्या मागे एक काम कायमचं लागलं. दोन्ही कार्बोरेटरनी हवा अगदी सारखी ओढली पाहिजे. एकाने जास्त ओढली की इंजिन लंगडतं, आणि सावकाश चालवायला जावं तर बंदच पडतं.

दादरच्या गॅरेजमधले मिस्त्री हे काम कानाने करायचे. रबराच्या नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि दोन्हीकडचा सुस्कारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. मामांची रीत वेगळी होती. गिरणीतल्या माणसाच्या खिशात सुताचे तुकडे असतातच. त्यातले दोन काढून ते दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडांवर एकेक चिकटवायचे. इंजिन सुरू झालं की आत जाणाऱ्या हवेबरोबर दोरे आत ओढले जाऊन थरथरायचे. दोन्ही दोरे सारखेच वाकले आणि सारखेच थरथरले, की जमलं. त्यानंतर टाकीवर पंजा ठेवून शेवटची खातरजमा. मी तोंडाने नाही म्हटलं, तरी मनात म्हणायचो की हे येड्याचं काम आहे. पण त्या फटफटीवर बसलेल्या कुणालाही विचारा, ती लोण्यासारखी चालायची.

एकदा गणपतीच्या मंडपात मी भोंगा लावत होतो. मामा आले, भोंग्याच्या कडेवर तळवा ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "तार खयतरी सुटली हा." मला आवाज स्वच्छ येत होता, तसं मी त्यांना सांगितलंही. अर्ध्या तासाने आरतीच्या ऐन मध्यात भोंगा बंद पडला. तार सुटली होती. त्या दिवसापासून मी मामांशी वाद घालणं सोडलं.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. त्या दिवसांबद्दल मी वेगळं काय सांगू? तुमच्यापैकी जे गिरणगावात होते त्यांनी ते पाहिलेत. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर माझ्यासारख्यांचे भोंगे. माझी बॅटरी आणि भोंगा वाहायचं काम मामांच्या फटफटीने आपणहून उचललं. बाजूच्या बैठकीत बॅटरी, पुढे भोंगा, चालवायला मामा आणि मागे माइक घेऊन मी. परळ, प्रभादेवी, वरळीच्या बीडीडी चाळी, माटुंगा, कुठे म्हणून गेलो नाही ते विचारा. त्या सगळ्या चळवळीतली एकही घोषणा मामांनी कानांनी ऐकली नाही. ते भोंग्यावर तळवा ठेवायचे. लोकांनी साथ दिली की तळव्याला कळायचं, आणि त्यांचा चेहरा उजळायचा.

आमच्याच चाळीत एक म्हातारी राहायची. सगळे तिला आये म्हणत. तीही गिरणीतली, रिळांवर सूत गुंडाळायच्या खात्यात तिची हयात गेली. तिचा एकुलता मुलगा, तिचा झील, मामांच्याच खात्यात साचेवाला होता. चळवळीच्या सुरुवातीला गोळीबार झाला, त्यात तो गेला. सकाळी मोर्चाला म्हणून चालत निघाला होता. त्यानंतर आये सभेला आली नाही की मोर्चाला. कुणी बोलवायला गेलं तर दार लावून घ्यायची.

मुंबईसह महाराष्ट्र होणार हे नक्की झालं आणि पहिल्या मेला लालबागहून शिवाजी पार्कपर्यंत मिरवणूक काढायचं आमच्या भागाने ठरवलं, तेव्हा समितीचा कार्यकर्ता तिच्याकडे गेला. भला माणूस. आयेने पाहुण्यांबरोबर सजवलेल्या ट्रकवर बसावं, असं त्याने तिला विनवलं. त्या दिवशी आयेने दार लावलं नाही. ती म्हणाली, "माका ट्रकार चढवू नको. माजो झील चलत गेललो. मी पण त्याच्या चालीनच जातलंय."

पण आयेचे गुडघे गेलेले होते. जिना उतरायलाच तिला दोघांचा आधार लागायचा, तिथे शिवाजी पार्कपर्यंत चालणार कशी? मामा दारातच उभे होते. त्यांनी तिचे ओठ वाचले होते.

"माझी फटफटी चलतली," ते म्हणाले. "माणसाच्या चालीन. मधी खय थांबूची नाय."

सगळी चाळ ऐकत होती. आता शब्द मागे घ्यायची सोय राहिली नाही.

तुम्ही कधी फटफटी चालवली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, वेगात नेणं सोपं असतं. कस लागतो तो माणसाच्या पावलाने न्यायला. इंजिन तापतं, धापा टाकतं, आणि थ्रॉटल जरा कमी केला की मान टाकतं. त्यात ऐन उन्हाळा. मामा सुट्टी टाकून चाळीच्या चौकात सराव करत राहिले. पुढे काठी टेकत चाळीतले एक म्हातारे, मागे फटफटी. टाकीवर पाण्याने भरलेली वाटी, तीही मामींची चांगल्यातली. वाटीतलं पाणी सांडत नव्हतं. "बघ," मामा मला म्हणायचे, "बघ."

मिरवणुकीच्या सकाळी आये खाली आली. ती हिरवं नवं लुगडं नेसली होती. मुलाने शेवटच्या दिवाळीत आणलेलं ते लुगडं तिने घडीसुद्धा न मोडता पेटीत ठेवलं होतं, हे बायकांना माहीत होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मामांनी तिला हाताला धरून बैठकीत बसवलं. मग घाईघाईने खिशातून दोन दोरे काढले, कार्बोरेटरवर लावले, स्क्रू फिरवले, आणि आम्ही निघालो.

मामांनी दिलेला शब्द परळपर्यंत पाळला. ढोल, ताशे, लेझीम, फटाके, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून गुलाल, आणि सगळ्यांच्या पुढे आये, सरळ ताठ बसलेली, अगदी चालणाऱ्यांच्या पावलाने. मला आजही ते आठवलं की छाती फुलते. मग मामांनी मध्येच एक तळवा टाकीवर दाबलेला मी पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. फटफटी लंगडू लागली, तिने दोनदा धापा टाकल्या आणि ती रस्त्याच्या मधोमध बंद पडली.

मागची गर्दी पुढे रेटत होती. कार्यकर्ता धावत आला. त्याचंही चुकत नव्हतं, मिरवणूक अडवून कशी चालेल? आयेला ट्रकवर घेऊ या, असं तो हातवारे करून सांगू लागला. दोघे तिला उचलायला वाकलेसुद्धा. मामा कार्बोरेटरपाशी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी दोन्ही दोरे काढले, बोटांत चोळले आणि कपाळावर हात मारून घेतला. ते दोरे त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे धरले.

"ह्यो ताणो, ह्यो बाणो," ते म्हणाले. "आणि मी म्हणे साचेवालो."

साच्यावर चढवायच्या उभ्या सुताला, म्हणजे ताण्याला, खळ लावलेली असते. ते कडक असतं. आडवं सूत, बाणा, मऊ असतं. सकाळच्या गडबडीत मामांनी खिशातून एक हे आणि एक ते काढलं होतं. कडक दोरा कमी वाकला, तेव्हा त्यांना वाटलं त्या बाजूचा कार्बोरेटर कमी हवा ओढतोय, म्हणून तो त्यांनी वाजवीपेक्षा जास्त उघडला. इंजिन थंड होतं तोवर निभावलं. तापल्यावर पितळ उघडं पडलं.

आता जोडीचे दोन दोरे हवे होते. मामांच्या खिशात एकही जोडी जमेना. माझ्याकडे होती ती विजेची तार. आणि त्या गोंगाटात दादरचा कुठलाही मिस्त्री नळी लावून बसला असता, तरी त्याला ढोलाशिवाय काही ऐकू आलं नसतं.

तेवढ्यात मी पाहिलं, आये मामांकडे बघून ओठ हलवत होती. तिच्याशेजारी असून मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मामांना मात्र सगळं समजत होतं. त्यांनी ओठांनीच काहीतरी उत्तर दिलं. त्या एवढ्या दणदणाटात सुखाने बोलणारी ती दोनच माणसं होती, दोघं गिरणीतली. मग आयेने पदर पुढे घेतला. लुगड्याच्या पदराच्या टोकाला न विणलेल्या सुताच्या दशा असतात, सगळ्या एकाच ताण्याच्या. त्यातल्या दोन तिने बोटाला गुंडाळून तोडल्या आणि मामांच्या हातात दिल्या.

मामा त्या घेताना थबकले. मला वाटतं, ते लुगडं कुणी आणलेलं हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण त्यांनी त्या दशा दोन्ही तोंडांवर लावल्या आणि किक मारली. एक दशा आत वाकून थरथरली, दुसरी नुसती हलली. मामांनी स्क्रू किंचित मागे घेतला, परत बघितलं, परत किंचित. भोवती सगळं लालबाग-परळ ओरडत होतं आणि मामा त्या दोन हिरव्या धाग्यांशिवाय कशाकडेही बघत नव्हते. मग दोन्ही धागे सारखे वाकले आणि सारखे थरथरू लागले. मामांनी टाकीवर पंजा ठेवला. आपला नव्हे, आयेचं मनगट धरून तिचा.

तिथून शिवाजी पार्कपर्यंत फटफटी कुठेही थांबली नाही.

मैदानावर पोचल्यावर मी मामांना विचारलं, आये तुम्हाला काय म्हणाली? ते नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, इतक्या हळू बोलले की मला कान जवळ न्यावा लागला. "म्हणाली, घाई करू नको. इतकी वर्सां थांबलंय, अजून घटकाभर थांबतंय."

आये गेली, तिच्यामागून काही वर्षांनी मामाही गेले. फटफटी चाळीच्या जिन्याखाली असते. मामांची मुलगी दर महाराष्ट्र दिनाला ती बाहेर काढते आणि चौकात एक फेरी मारते. माझं म्हणाल तर भोंग्यांशेजारी जन्म काढणाऱ्याचं जे व्हायचं तेच झालं. आता मलाही फारसं ऐकू येत नाही.

परवाच्या पहिल्या मेला मी चौकात खुर्ची टाकून बसलो होतो. मुलीने किक मारली. फटफटी हलताना दिसली, आवाज नाही. तिचे ओठ हलले, ते काय ते मला समजलं नाही. मामांकडून ती विद्या शिकायची राहिलीच. मग तिने खुर्चीपाशी येऊन माझं मनगट धरलं, मला फटफटीपर्यंत नेलं आणि माझा पंजा टाकीवर दाबला.

मी डोळे मिटले. बराच वेळ नुसती थरथर होती. मग त्या थरथरीत एका बाजूने किंचित मागे राहणारं काहीतरी हाताला लागलं.

"डावा जरा आळशी झालाय," मी म्हणालो. बहुधा फार मोठ्याने म्हणालो, कारण तिसऱ्या मजल्यावरची माणसं कठड्याशी आली. मुलगी हसली, आणि तिने आपल्या पदराच्या टोकाचे दोन धागे तोडले.