काशक्का खरं रडते

“बाप जाऊन दोन महिने झाले न्हाईत, अन् पोरीच्या डोळ्यात टिपूस न्हाई. काळीज हाय का पाटा?”

हे वाक्य माझ्याबद्दल होतं आणि मी ऐकावं म्हणून नव्हतं. लग्नाला आठ दिवस झाले होते. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि खाली अंगणात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीशी बोलत होत्या. ओला टॉवेल हातात धरून मी तशीच उभी राहिले. खाली जाऊन बोलणार तरी काय? खरंच रडू येत नव्हतं. अप्पा गेले तेव्हा लग्नाची तारीख ठरलेली होती. वर्षाच्या आत उरकायचंच, म्हणून सगळ्यांनी तीच ठेवली, आणि दीड महिन्यात मला हळद लागली. अप्पांबद्दलची एक गोष्ट घशात अडकून बसली होती. ती मी कुणालाच सांगितली नव्हती, आणि ती बाहेर पडल्याशिवाय रडू फुटणार नाही, हे मला कळत होतं.

बाकी कमी बोलणाऱ्या बाईचा एक फायदा असतो. लोक तिच्यासमोर वाट्टेल ते बोलतात, आणि किस्से तिच्याकडे आपोआप साठत जातात. त्यात माझं सासर बीदरकडच्या औराद तालुक्यातलं, आणि घरात काशक्का! वर्षभरात पोतं भरलं.

काशक्का माझी चुलत सासू. वय पासष्ट, आवाज पंचविशीतला. आमच्याकडे कुणी गेलं की बायका त्याचे गुण आठवून, हेल काढून रडतात. काशक्काही रडते. फक्त ती खरे गुण आठवून रडते!

“जाणाऱ्याला शेवटचं बोलायचं, तर खोटं कामून बोलायचं?” हा तिचा नियम.

*

शेजारचे मल्लप्पाकाका वारले. रिटायर्ड बस ड्रायव्हर. बायका “सोन्यासारखा माणूस गं” म्हणून रडत होत्या. काकू मात्र सकाळपासून भिंतीला टेकून नुसत्याच बसल्या होत्या, नजर कुठेतरी लांब. काशक्का आली, मयताच्या पायाशी बसली आणि हेल काढला,

“अण्णा रं! जन्मभर आम्ही हात केला, तू बस थांबवली न्हाईस रं! आज सारं गाव हात करायलंय, आता तरी थांब की रं!”

मग काकूंना हसू फुटलं. आणि हसता हसताच त्यांनी असा हंबरडा फोडला, की दारातली माणसं सुद्धा डोळे पुसायला लागली.

माझी नणंद भाग्या हे सगळं मोबाईलवर घेत होती. संध्याकाळी व्हिडिओ भालकीत पोचला, दुसऱ्या दिवशी लातूरला. तिसऱ्या दिवशी दुबईहून कुणाची तरी कॉमेंट आली, “अक्का, मी पण ड्रायव्हर आहे. आजपासून थांबवतो.”

*

झालं! काशक्का सेलिब्रिटी. आठवडी बाजारात भेंडी निवडताना सेल्फी, पिठाच्या गिरणीत सेल्फी. एका गावात मातीला गेलो, तर मयत राहिलं बाजूला आणि अर्धी माणसं काशक्काभोवती! त्यात कॉलेजातली एक पोरगी पुढे घुसली.

“अक्का, माझ्या नावानं बी एक डायलॉग म्हणा की!”

काशक्का म्हणाली, “आधी मर तर!”

पोरीची आई भडकली. पोरगी मात्र इतकी खूश, की तिनं तेच स्टेटसला ठेवलं.

*

मग बीदरच्या एका मोबाईल दुकानाच्या ओपनिंगला चीफ गेस्ट म्हणून बोलावणं आलं. शाल, श्रीफळ, लाल रिबीन, बाहेर ही गर्दी! मालक पंचविशीतला, नवाकोरा पण ढगळ कोट घालून घामाघूम. “अक्का, दोन शब्द बोला,” म्हणून त्यानं माईक हातात दिला. मी आणि भाग्यानं एकमेकींकडे बघितलं. पण उशीर झाला होता.

“पोरगं भलं हाय,” काशक्का म्हणाली. “पर ह्या गाळ्यात आधी चहावाला बसला, तो उठला. झेरॉक्सवाला बसला, तो बी उठला. तुम्ही नुसतं माझ्यासंगं फोटो काढून गेलाव, तर हे बी उठंल. आत जावा!”

मालकाचा चेहरा कोटापेक्षा वाईट दिसायला लागला. आम्ही चहा न घेताच निघालो.

संध्याकाळी त्याचा फोन आला. भाग्या उचलेना. शेवटी मीच स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, “अक्का, आपलं स्टॉक संपायलंय! शेजारचा चप्पलवाला विचारायलाय, त्याच्याबद्दल बी काही वाईट बोलाल का?”

*

एका युवा नेत्याची आई गेली. (युवा म्हणजे पन्नाशीचा. आमच्याकडे नेते उशिरा म्हातारे होतात.) त्यानं काशक्कासाठी गाडी पाठवली, तिच्या पदराला कॉलर माईक लावला, दोन कॅमेरे उभे केले आणि एक कागद पाठवला. काशक्काला वाचता येत नाही, म्हणून मी कानाशी बसून वाचला. आईनं मुलाला कसं घडवलं, मुलानं कुठला रस्ता आणला, कुठली कमान बांधली... पानभर!

“आईचं काय लिवलंय?” काशक्कानं विचारलं.

“नाव,” मी म्हणाले.

माईक चालू आहे, हे आम्हा दोघींच्याही लक्षात नव्हतं. मांडवातल्या स्पीकरवर सगळ्यांनी ते ऐकलं. कुणीतरी खोकलं. काशक्का शांतपणे नेत्याकडे वळली.

“बाबा, तुझ्या आईला खायला काय आवडायचं?”

नेत्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पीएकडे बघितलं. पीएला तरी काय माहीत? मग त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला आणि तो सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागला. खरंखुरं, नाक गळेपर्यंत. तेवढ्यात कॅमेरावाला ओरडला,

“साहेब, हलू नका! फोकस जायलाय!”

परतताना गाडीत काशक्का खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “तू बी काय तरी गिळून बसलीयास. मी इचारणार न्हाई.”

आणि खरंच तिनं विचारलं नाही. घरात एवढी माणसं, पण न विचारणारी ती एकटीच.

*

चिंताकीचे नागप्पा तर जिवंतपणीच आले. वय सत्तरच्या पुढे, धोतर कडक. बसता बसताच म्हणाले, “काशक्का, माझ्या मातीला काय बोलणार, ते आत्ताच सांग. मागून ऐकायला मी नसणार.”

काशक्का ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “सख्ख्या भावाशी बारा वर्सं बोलला न्हाई, असं बोलणार.”

“आणिक?”

“आणिक काय? तेवढंच लोकांना ठावं हाय.”

म्हातारा तडक उठला. चहासुद्धा घेतला नाही. आत्याबाई म्हणाल्या, “अक्का, दारात आलेल्या माणसाला असं बोलत्यात व्हय?”

चार दिवसांनी दारात मोटारसायकल थांबली. पुढे नागप्पा, मागे तसाच एक म्हातारा, तसंच कडक धोतर. दोघांच्या कपाळावर एकच भस्म. नागप्पांनी उतरल्या उतरल्या विचारलं,

“ह्यो माझा भाऊ. आता काय म्हणशील?”

काशक्का विचारात पडली.

“आता अवघड केलास की रं अण्णा! तुज्याकडं दुसरं काय व्हतंच न्हाई!”

*

आणि मग अप्पांचं वर्षश्राद्ध आलं. माझं माहेर आळंद तालुक्यात, खजुरीला. माझा नवरा संगमेश, आत्याबाई, भाग्या, काशक्का, असे आम्ही सगळे गाडी करून गेलो. भाग्यानं वाटेतच स्टेटस टाकलं होतं, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा दारात पै-पाहुण्यांपेक्षा मोबाईल जास्त होते.

अप्पांच्या फोटोला हार घातला. एकेक जण उठून बोलायला लागला. “देवमाणूस होते.” “कधी कुणाला दुखावलं न्हाई.” “असा माणूस होणे न्हाई.” आई मान खाली घालून ऐकत होती. मग सगळ्या नजरा काशक्काकडे वळल्या आणि सगळे मोबाईल वर झाले.

काशक्का फोटोसमोर बसली.

“मी ह्या माणसाला वळखत न्हाई,” ती म्हणाली. “एकदा बी बोललेली न्हाई. मी काय रडू?”

गर्दीत चुळबूळ झाली. आई ओशाळली. आत्याबाई काशक्काच्या कानाशी लागल्या, “अक्का, चार शब्द तरी बोला. लोक काय म्हणतील?”

“खोटे चार? न्हाई. ज्याला ठावं हाय ते माणूस बोलंल. न्हाईतर गप जेवू.”

माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

मोबाईल एकेक करून खाली यायला लागले. कुणीतरी पत्रावळ्यांचा गठ्ठा सोडला. मी पाण्याचे ग्लास भरत होते. तांब्या खाली ठेवला, माणसांमधून वाट काढली आणि फोटोसमोर जाऊन बसले. पहिला शब्द कसा निघाला, मला माहीत नाही. पण निघाला तो हेल घेऊनच.

“अप्पा! तुम्ही देवमाणूस न्हवताव!”

आई दचकली. आत्याबाईंनी तोंडावर पदर धरला. भाग्यानं उचललेला मोबाईल हळूच पर्समध्ये टाकला.

“दवाखान्यात मला पडद्याबाहेर बसवलाव, अन् डॉक्टरला सांगितलाव, दम लागत न्हाई, झोप चांगली लागते! लग्नाची तारीख पुढं जाईल म्हणून! मला समदं ऐकू यायलं होतं अप्पा. रोज पहाटे तुम्ही दम लागून उशीला टेकून बसलेले मी बघत होते. पडदा सारून आत यायला पाहिजे होतं मी, अन् आले न्हाई! तुम्ही खोटं बोललाव, अन् मी गप बसले. दोघांचं बी चुकलं, अप्पा! दोघांचं बी चुकलं!”