रुमालाखालचा आकडा

माझी जीभ तिखट आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. कोल्हारला माहेरी असताना आई म्हणायची, हिला देवळात नेलं तर ही देवाच्या मुकुटातसुद्धा खोट काढील. या जिभेपायी मी जन्मभर बोलणी खाल्ली. पण सासरी आल्यावर एका माणसाला माझी ही सवय कामाची वाटली. ते म्हणजे माझे सासरे.

मामंजी मिरजगावकडचे. कोरडवाहू रान, एक बैलजोडी, आणि बैल पारखण्यात पंचक्रोशीत नाव. कुणाला बैल घ्यायचा असला की आधी त्यांच्या दारात यायचा. बाजारात त्यांचा चेहरा म्हणजे बंद दार. आवडलं काय, नावडलं काय, काही कळायचं नाही. मला त्यांचा धाक होता आणि कौतुकही होतं. समोर गेले की डोक्यावरचा पदर आपोआप पुढे यायचा.

आम्ही तेव्हा राहुरीला. हे विद्यापीठात कारकून, एक मुलगी पाळण्यात, आणि तीन वर्षं भाड्याची एकच खोली. त्या खोलीत डबे खाटेखाली, अंथरूण डब्यांवर आणि मी दिवसभर कुणावर तरी करवादलेली. बहात्तरच्या दुष्काळात गावात एक घर विकायला निघाल्याचं कळलं. आमची पोस्टातली शिल्लक, माझ्या पाटल्या आणि मामंजींनी बांधावरची बाभळीची झाडं विकून आलेले पैसे, सगळं मिळून चार हजार होत होते. ह्यांनी मिरजगावला पत्र टाकलं आणि मामंजी तिसऱ्या दिवशी एसटीनं आले.

चहा पिता पिता त्यांनी आम्हाला धडा दिला. "बैल डोळ्यांनी घेतला की मानूस बुडतो. घेनाऱ्यानं हसायचं न्हाई, हात फिरवायचा न्हाई, आन जाताना वळून बघायचं न्हाई. घराचंबी तसंच. चार हजार म्हंजी चार हजार. त्याच्या वर गेलं की रान जातं, आन रान माझ्या एकल्याचं न्हाई."

ते खरंच होतं. त्या रानावर माझे मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची चार लेकरं होती. दीर-जाऊ दोघंही त्या साली दुष्काळी कामावर खडी फोडत होते. पण कधीतरी पाऊस पडणार, तेव्हा पेरायला रान हवं.

मग मामंजी माझ्याकडे वळले. "बाजारात मी एकला जात न्हाई, सूनबाई. संगं एक खोड काढनारा असतो. मी भाव करायचा, त्यानं नावं ठिवायची. शिंगंच वाकडी, खूरच फाटका. म्हंजी मालक खाली येतो. उद्या ते काम तुजं."

"तिला शिकवावं लागणार नाही, दादा," हे म्हणाले. मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की कपातला उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही गेलो. तीन खणांचं दगडी घर, वर पत्रे, दार पूर्वेला. घरमालक एकटेच राहणारे म्हातारे गृहस्थ. भुसाराच्या पेठेत आयुष्य गेलेलं, आता मुलाकडे पुण्याला निघालेले. त्यांनी आम्हाला घर दाखवायला सुरुवात केली आणि मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं मात्र, माझं सगळं भान गेलं. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा! ओट्यावर खिडकी, खिडकीतून फरशीवर पडलेलं ऊन, आणि भिंतीत दारं असलेलं फडताळ, वरपासून खालपर्यंत. माझे सगळे डबे तिथे बसले असते आणि वर जागा उरली असती. ओठ घट्ट मिटून घेतले होते, तरी "अगंबाई!" बाहेर पडलंच.

मामंजी मोठ्यानं खोकले.

मी भानावर आले आणि कामाला लागले. दार करकरतंय. पत्र्यानं उन्हाळ्यात भाजून निघू. फरशीला उतार आहे, तांब्या ठेवला तर गडगडेल. हे कसलं मोरीचं तोंड, यातून उंदीरच येणार. मालक सगळं ऐकत होते आणि मिशीत हसत होते. एवढी वर्षं पेठेत काढलेल्या माणसाला खोड काढणारी बाई ओळखू येणार नाही होय?

मग त्यांनी मागचं दार उघडलं.

मागे लहानसं अंगण, अंगणात आड, आणि आडावर शेजारच्या चार बाया पाणी भरत होत्या. अंगणाला बोळाकडून एक वेगळं दार होतं, त्यातून त्यांची ये-जा चालली होती. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी प्रवरेकाठची मुलगी. पाणी म्हणजे वाकून घ्यायची गोष्ट, त्याचं काय कौतुक? मी मनात फडताळात डबे लावत होते.

मामंजी मात्र दारातच थबकले. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, बाजूला ठेवल्या आणि देवळात जावं तसे अनवाणी आडापाशी गेले. दोन्ही हात काठावर टेकून आत वाकून बघत राहिले. कितीतरी वेळ. मग एका बाईच्या हातातला पोहऱ्याचा दोर मागून घेतला, स्वतः पाणी शेंदलं, ओंजळभर प्यायले आणि ओला हात तोंडावरून फिरवला.

"किती हाय?" त्यांनी विचारलं. आवाज चिरकला होता.

"अजून दोन पुरुष खोल पाणी आहे," मालक म्हणाले. "नदीच्या अंगाचा झरा आहे. यंदासुद्धा आटला नाही."

"आमच्याकडं वाटीनं भरत्यात," मामंजी म्हणाले. "बाया विहिरीत उतरून बसत्यात. वाटी भरली की हंड्यात, वाटी भरली की हंड्यात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हाच का तो माणूस, ज्याच्या चेहऱ्यावरची रेष बाजारात हलत नाही? डोळे भरून आले होते त्यांचे. आणि त्या चार बाया दोर तसाच सोडून त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. मला पहिल्यांदा वाटलं की या आडात काहीतरी आहे, जे मला दिसत नाही आणि या माणसाला दिसतंय. 

भाव ठरवायला दोघं मागच्या पडवीत बसले. पेठेतल्या आणि बैलबाजारातल्या माणसांची भाषा एकच; मामंजींनी खांद्यावरचा रुमाल काढला, दोघांच्या हातांवर टाकला. रुमालाखाली बोटं दाबून भाव बोलायचा, म्हणजे बघणाऱ्याला काही कळत नाही; समोरच्यानं उलट हात दाबला की सौदा पक्का. "बोटाला हजार," मामंजी म्हणाले आणि दोघं गप्प झाले. रुमाल तेवढा हलत होता.

बोटं बोलत असताना नजर आभाळाकडे ठेवायची, हे मामंजींनीच आदल्या दिवशी सांगितलं होतं. पण ते आभाळाकडे बघत नव्हते. आडाकडे बघत होते. आणि तेवढ्यात मालकांच्या भुवया वर गेल्या. भुसाराच्या भावात केस पांढरे झालेल्या माणसाच्या भुवया उगीच वर जात नाहीत. मला लख्ख कळलं की मामंजी चाराच्या वर गेले.

आता काय करू? ह्यांच्याकडे पाहिलं तर हे पत्र्याचे खिळे मोजत होते. सासऱ्यांना सगळ्यांसमोर थांबा म्हणायची माझी काय टाप? मला नेमून दिलेलं काम एकच होतं, खोड काढायचं. आणि दार, पत्रे, फरशी, मोरी सगळं सांगून झालं होतं. जाऊबाईंची चार लेकरं डोळ्यांपुढे आली आणि मी बोलून गेले, "या आडाचं पाणी मचूळ आहे."

सगळं जागच्या जागी थांबलं. कमरेवर हंडा घेऊन निघालेली बाई दारात उभी राहिली. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, संतापानं नव्हे, नुसतं पाहिलं. "बाई, तुम्ही या पाण्याला हात तरी लावलात का?"

नव्हता लावला. सगळ्यांनी पाहिलं होतं की नव्हता लावला.

मालकांनी हात काढून घेतला, रुमालाची घडी केली आणि मामंजींच्या हातात दिली. "घराला हवी तेवढी नावं ठेवा. व्यवहारात चालतं ते. पण अशा सालात पाण्याला नाव ठेवणाऱ्या माणसांना मला घर द्यायचं नाही."

वाटेत हे माझ्यावर कडाडले. उचलली जीभ लावली टाळ्याला, अक्कल गहाण टाकलीय का, सगळंच. मी एक शब्द उलट बोलले नाही, यावरून काय ते समजा. मामंजी म्हणाले, "तिला बोलू नगंस. मीच तिला नेलं हुतं." दुपारच्या एसटीनं ते परत निघाले. गाडी सुटताना खिडकीतून वाकून एवढंच म्हणाले, "सूनबाई, पानी लई ग्वाड हाय गं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी स्टँडवरच पदरात तोंड घालून रडले.

दुसऱ्या सकाळी मुलीला शेजारी ठेवून मी एकटीच तिथे गेले. बोळाच्या दारानं गेले, बायांच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर पाणी शेंदलं आणि प्यायले. काय सांगू! गार, गोड, आणि मागे रांगेत आणखी सात-आठ जणी, कुठून कुठून आलेल्या, एकीच्या पायात तर वहाणासुद्धा नव्हत्या. एवढ्या जणी रोज इथे येतात आणि हे खालून भरतच राहतं.  मी काल याला नाव ठेवलं होतं.

मालक पडवीत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "पाणी गोड आहे. मी खोटं बोलले."

"का बोललात?"

बाजारात कधी करू नये ते मी केलं. आमचा खरा आकडा सांगून टाकला. "आमच्याकडे चार हजार आहेत. त्याच्या वर आमचं रान आहे, आणि त्यावर माझ्या जावेची चार लेकरं आहेत. मामंजी पाण्याला भुलले. मला दुसरं काही सुचलं नाही." मग न राहवून विचारलं, "किती बोलले हो ते?"

"रुमालाखालचं रुमालाखालीच राहू द्या," ते म्हणाले.  मग आडाकडे बोट करून म्हणाले, "तुमच्याआधी तिघं येऊन गेले. तिघांनीही पहिलं हेच विचारलं की बोळाच्या दाराला कुलूप लागतं का. तुमच्या सासऱ्यांनी वहाणा काढल्या. एवढ्या वर्षांत आडापाशी वहाणा काढणारा मी दुसरा माणूस पाहिला नाही. दार उघडं ठेवणार असाल तर चार हजारांत घर तुमचं."

मी चक्क त्यांच्या पाया पडले. काल ज्यांच्या फरशीला, मोरीला, पत्र्याला शिव्या घातल्या, त्यांच्याच. घर पाहावं बांधून म्हणतात. मी म्हणते, पाहावं विकत घेऊन. माणसं कळतात.

पुढच्या वर्षी पाऊस पडला, रान पेरलं गेलं आणि मग आम्ही वास्तुशांत केली. मिरजगावहून सगळे आले. जाऊबाई माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून पुरण वाटत होत्या आणि दर थोड्या वेळानं फडताळाचं दार उघडून बघत होत्या. त्यांची चारही पोरं आडाशी पोहऱ्यानं एकमेकांवर पाणी ओतून ओरडत होती. मामंजी काठाशी अनवाणी बसून त्यांना बघत होते. मी त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि धीर करून विचारलं, "त्या दिवशी किती बोलला होता, मामंजी?"

 त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला आणि हात पुढे केला.

लग्नापासून मी त्यांच्या फक्त पायांना हात लावला होता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि रुमालाखाली हात घातला. खरखरीत, ओला पंजा. त्यांनी माझी पाचही बोटं एकदम दाबली. मी म्हटलं संपलं. तर हात सोडून त्यांनी पुन्हा दोन बोटं धरली आणि दाबली.

सात.

"म्हणजे सगळं रान?"

"सगळं," मामंजी म्हणाले. "मालकानं हात दाबायचाच ऱ्हायला हुता."

 शेजारी ती चार पोरं भिजून चिंब, थंडीनं कुडकुडत हसत होती. मामंजींनी रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि पुन्हा पोरांकडे बघायला लागले. तो आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही, मीही नाही. आज मामंजी नाहीत, जाऊबाईही नाहीत, म्हणून सांगते आहे.

मी घरात आले तेव्हा जाऊबाईंनी पुरणाचा हात तसाच ठेवून विचारलं, "काय म्हनत हुते गं मामंजी, रुमालबिमाल टाकून?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी गोड आहे म्हणाले."