कमरेएवढ्या पाण्यात

महिपतचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. बायको हौसा पेज आणि भाजलेला सुका बांगडा पुढे ठेवी. तेवढं पोटात घालून तो रत्नागिरी बंदरावर जाई. मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी राहायची. होड्या उतारूंना किनाऱ्याजवळ आणायच्या, पण शेवटची चाळीस पावलं पाण्यातलीच. ती महिपतसारख्यांच्या खांद्यावरून.

पोतं हलत नाही, माणूस हलतो. म्हणून माणसाचं वजन पोत्याच्या दीडपट धरावं लागतं. वाळूत पाऊल सपाट टाकायचं, टाच आधी टेकली की रुतली. बारा वर्षांत महिपतने एकालाही भिजवलं नव्हतं. तरी बंदरावर त्याला नाव नव्हतं. जो तो हाक मारी, "ए कुली."

एकोणीसशे सत्तावीस साली त्याने या शब्दाचा माग काढायचं मनावर घेतलं. कालिकतच्या गलबतावरचा कुट्टी म्हणाला, आमच्याकडे कुली म्हणजे दिवसाची मजुरी, माणूस नव्हे. मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेल्या, आता बंदरात होडी चालवणाऱ्या बाळा तांडेलाने सांगितलं, तुर्कांत कुल म्हणजे गुलाम. गुजरातेतला एक व्यापारी म्हणाला, आमच्या कोळ्यांचंच नाव गोऱ्यांनी सगळ्या मजुरांना चिकटवलं.

महिपतने घरी येऊन तिन्ही गोष्टी हौसाला सांगितल्या. चूल फुंकता फुंकता ती म्हणाली, "तिघांत तुमचं नाव कुणी घेतलंन?"

दुसऱ्या दिवसापासून नावाने हाक मारली तरच तो वळू लागला. मुकादम हरिश्चंद्र हसला. "नावाने हाक मारायला तू काय खोत लागून गेलास?" मग हसू आवरून त्याने बजावलं, एक तक्रार आली की तुला बंदर बंद. घरात दुसरी मिळकत नव्हती.

आठव्या दिवशी मुंबईचे एक वकील त्याच्या खांद्यावर बसले. अर्ध्या वाटेत त्यांनी छत्रीची मूठ त्याच्या पाठीत टोचली. "ए कुली, पाय उचल."

महिपत कमरेएवढ्या पाण्यात थांबला.

"कुली म्हणजे मजुरी, वकीलसाहेब. ती तुमच्या खिशात हाय. माझं नाव इचारा."

वकील तापले. म्हणाले, खाली ठेव मला.

"ठेवतो. हितंच?"

चालण्यापेक्षा ओझं घेऊन उभं राहणं जड. पोटऱ्या थरथरायला लागतात, आणि भरतीचं पाणी मांड्यांना ढकलत असतं. महिपतने ते वर दिसू दिलं नाही. मागून येणारा दुसरा हमाल शिवा, खांद्यावर गंगुबाई नावाच्या म्हातारीला घेऊन, थांबला. त्याच्या मागे सदूही थांबला. सगळी रांग पाण्यात उभी.

"अहो, विचारा की नाव," म्हातारी म्हणाली. "तुमच्या मानापायी माझं लुगडं भिजतंय."

वकिलांनी नाव विचारलं. महिपतने सांगितलं.

"बरं. महिपत, चल."

त्याने त्यांना कोरड्या वाळूवर उतरवलं. बुटांवर थेंब नव्हता. वकिलांनी तक्रार केलीच, आणि हरिश्चंद्राने त्याच दिवशी त्याला बंदरावरून काढलं. माफी मागितलीस तर बघू, असा निरोप त्याने नंतर दोनदा पाठवला. महिपत गेला नाही.

तो जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवर लागला. तिथे धड माणूस दिवसाला बारा चिरे काढी, महिपत चौदा. तांबडी धूळ खोकल्यातून पडे. हौसा डोक्यावरून चिरे वाही. अशी सात वर्षं काढली.

चौतीस साली पावसाळ्यात बंद असलेलं बंदर नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू झालं, तेव्हा महिपत बाळा तांडेलाची जुनी, सपाट बुडाची होडी विकत घेऊन आला. होडीवाल्यावर मुकादमाचा हुकूम चालत नव्हता. होडीला पडले त्याच्या निम्मे पैसे त्याने एका फळीला घातले. सागवानी, पंधरा हात लांब, दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी रुंद. होडी पार उथळ पाण्यापर्यंत आत आणून, तिचं नाक वाळूकडे करून तो ती फळी टाकी, आणि उतारू आपापल्या पायांनी किनाऱ्यावर उतरत.