कपांनी मांडलेला गोल

पंचांनी ऑफसाइड देऊन गोल नाकारला आणि आमचे कॉलेज हरले. मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर सामना पाहून आलेल्या दोघांनी रिकामे कप मांडून तो गोल पुन्हा उभा केला.

"ऑफसाइड कुठला रं? लाइनमन झोपलाय!"

"आणि आपला गोलकीपर? त्यो तर घोरत हुता!"

लाइनमनच्या जागेवरून डोळा कसा फसतो, हे मी एक रेघ ओढून सिद्ध करू शकले असते. एका सामन्यानंतर बाबांसमोर केलेही होते. "बरोबर आहे तुझं," म्हणून ते घरापर्यंत गप्प चालले. आम्ही दोघांनी एकत्र पाहिलेला तो शेवटचा सामना ठरला.

आज मी माझा कप बचावपटूच्या कपाशेजारी ठेवला. "गोल मारणारा इथे होता ना?"

"छ्या! मागं हुता, ताई!" दोघेही तुटून पडले.

बाबांचा प्रत्येक वाद अशाच 'छ्या'ने सुरू व्हायचा. मी बाक पुढे ओढला.