दवाखाना नको म्हणणारा माणूस

मला एक सांगा, विश्वास कोणावर ठेवायचा? जो माणूस मनात एक धरून तोंडाने दुसरंच बोलतो त्याच्यावर, की जो पहिल्याच वाक्यात "मला हे पाहिजे" म्हणून मोकळा होतो त्याच्यावर? घाई नको. चहा येऊ द्या, मग सांगा. कारण मी जन्मभर पहिल्या जातीच्या माणसाला हुशार समजत आलो. का समजणार नाही? तो माणूस म्हणजे मीच ना!

तर आता माझी फजिती ऐका. हसायला येईल तिथे खुशाल हसा. मीसुद्धा हसतो, अर्ध्यापर्यंत.

आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत घोड्यावर बसायचे. मी सियागंजच्या किराणा बाजारात धण्याच्या पोत्यावर बसतो. घराण्याची उंची साधारण तेवढीच राहिली म्हणा! शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं बाजाराने शिकवलं. आणि बाजाराचा पहिला धडा काय? जो माल पाहिजे, त्याला हात लावायचा नाही. जिरं घ्यायचं असेल तर बडीशेपेवर घासाघीस करायची. समोरचा घामाघूम झाला पाहिजे. मग उठता उठता म्हणायचं, "जाऊ द्या भिया, बडीशेप काही जमत नाही. ते कोपऱ्यात जिरं पडलंय, ते तरी द्या. आता आलोच आहे तर रिकाम्या हाताने कुठे जाऊ!" समोरच्याला वाटतं, बिचाऱ्याला एवढं नाही नाही म्हटलं, हे तरी देऊन टाकू. झालं, जिरं आपल्या भावात!

ही सवय हाडात किती मुरली होती सांगू? मालतीला बघायला गेलो, तर तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही. सासरेबुवांशी अर्धा तास त्यांच्या छताच्या पंख्याबद्दल बोलत बसलो. कंपनी कोणती, हवा कशी, आवाज करतो का? सासरेबुवा समजले, मुलाचं मन पंख्यात अडकलंय. लग्नात त्यांनी मुलगी दिली आणि पंखाही उतरवून दिला. मालती आजही विचारते, "तुम्ही नक्की पसंत कोणाला केलं होतं, ते एकदा कळू द्या."

हे झालं हसण्यावारी.

आमची वस्ती पोलोग्राउंडच्या मागे. तिथे एक सरकारी शाळा आहे, आणि त्या शाळेच्याच दोन खोल्यांत सरकारी दवाखाना चालायचा. डॉक्टरांचं काही खरं नव्हतं, आले तर आले. पण नर्सबाई रोज असायच्या. दम्याच्या माणसाला वाफ द्यायचं मशीन असायचं, ऑक्सिजन असायचा. आमच्या शांतावहिनींचा श्वास त्या दोन खोल्यांवर चालला होता.

शांतावहिनी म्हणजे गायकवाड सरांच्या मिसेस. सर माझे भिंतीला भिंत शेजारी, त्याच शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. वडील महूला फौजेत होते, त्यामुळे सरांचं बोलणं, चालणं, सगळं सरळ रेषेत. वहिनींना श्वास लागला की सर त्यांना हाताला धरून चालत दवाखान्यात न्यायचे. गल्ली ओलांडली की दवाखाना. नर्सबाई छातीला नळी लावून सांगायच्या, "आजी, आज वाफेवर भागेल." किंवा, "आज नाही भागायचं, सुई लागेल." तासाभरात वहिनी घरी येऊन पोळ्या लाटायच्या.

एक दिवस सर आले. "जगतापजी, तुमची मंत्रीजींबरोबर बैठक आहे म्हणे?"

होती. बजेटच्या आधी सरकारने लोकांचे सुझाव, म्हणजे सूचना, मागवले होते. पैसा आधी कुठे लावायचा? टॅक्स हलका करायचा, शाळा सुधारायच्या, की गरिबाला परवडेल असा इलाज द्यायचा? बाजाराच्या वतीने बोलायला मला निवडलं होतं. का म्हणून विचारू नका. किस्से मी चांगले सांगतो, एवढीच लायकी! बाजाराला फक्त मालाच्या खरेदीवरचा मंडी टॅक्स उतरवून हवा होता.

"आमचीही दोन वाक्यं बोला," सर म्हणाले. "दवाखान्याला स्वतःची जागा द्या, रोजचा डॉक्टर द्या. म्हणजे शाळेच्या खोल्याही शाळेला परत मिळतील. पोरं व्हरांड्यात बसतात हो."

"बस? एवढंच?"

"एवढंच. पण सरळ मागा."

"सर, सरळ मागितलेलं कोणी देतं का? तुम्ही शाळेत होतात, बाजारात नाही!"

वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवून जरा थांबल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "मागून बघा ना भाऊजी. फार तर नाही म्हणतील."

"वहिनी, मागायचं कशाला? भाजीवर कोथिंबीर मिळते तसा तुमचा दवाखाना फुकटात वर घालून आणतो!"

वहिनी हसल्या. हसता हसता खोकल्या.

आता बैठकीचं ऐका. तिथे सगळं हिंदीत झालं, तुम्हाला मराठीत सांगतो. आपली फजिती मातृभाषेत जरा जास्त चविष्ट लागते.

मोठा हॉल. पोहे, जिलेबी, एसी असा की पोहे गार आणि माणसं त्याहून गार. माझा बेत पक्का होता. टॅक्स म्हणजे बडीशेप. त्यावर मंत्रीजींना एवढं पिळायचं, एवढं पिळायचं, की ते हात जोडून नाही म्हणतील. मग उठता उठता दवाखाना!

माझा नंबर आला. मी सुरू झालो. "मंत्रीजी, व्यापारी मेला! टॅक्स उतरवा. दुसरं आम्हाला काही नको. टॅक्स, टॅक्स आणि टॅक्स!"

मागून बाजार ओरडला, "वा भिया वा!"

मंत्रीजी शांत माणूस. समोरची फाईल उघडून म्हणाले, "आणि शाळा, इलाज? तुमच्या वस्तीत दवाखाना शाळेत चालतो असं दिसतंय. त्याचं काय करावं?"

जरा थांबा. चहा खाली ठेवा. माझ्या जागी गायकवाड सर असते तर म्हणाले असते, "साहेब, त्याला जागा द्या, डॉक्टर द्या." झालं असतं काम! अहो, मंत्रीजी स्वतः विचारत होते! पण जिऱ्याचं नाव समोरच्यानेच काढलं तर सियागंजचा माणूस काय करतो? तोंड वाकडं करतो!

मी म्हणालो, "दवाखाना? तो कसला दवाखाना साहेब! डॉक्टरचा पत्ता नाही. असला काय, नसला काय! आमचं कोणी तिकडे फिरकत नाही. तुम्ही टॅक्सचं बोला."

मंत्रीजींनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे बघितलं. अधिकारी लिहू लागला. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! मासा गळाला लागला.

मग टॅक्सवर पुन्हा तोंड सोडलं. आणि मंत्रीजी म्हणाले, "ठीक आहे. उतरवू."

"आँ?"

"मंडी टॅक्स उतरवू. तुमची मागणी रास्त आहे."

पहिल्याच भावाला समोरचा "दिला" म्हणाला, तर व्यापाऱ्याला वाटतं, आपणच फसलो! मागे टाळ्या, शिट्ट्या. मी माइकला घट्ट धरून उभा. "पण साहेब, टॅक्स जमत नसेल तर..."

"जमतंय ना."

"नाही, म्हणजे समजा, नसतं जमलं तर..."

"जगतापजी, जमलं! आता बसा!"

तेवढ्यात बाजाराच्या चार लोकांनी मला उचललंच. हार गळ्यात, माइक दुसऱ्याच्या हातात. मी खांद्यावरून ओरडतोय, "भिया, दवाखाना राहिला!" आणि खालचे ओरडतायत, "जगतापजी जिंदाबाद!" होळकरांच्या फौजेनंतर आमच्या घराण्यात एवढ्या उंचावर कोणी बसलं नव्हतं. आणि मला खाली उतरायचं होतं.

टॅक्स खरंच उतरला. सरकार बोललं तसं वागलं, खोटं कशाला सांगू? आणि काही दिवसांनी शाळेच्या फाटकावर कागद लागला. दवाखाना बंद, नर्सबाई आणि सामान शहराच्या पलीकडच्या मोठ्या केंद्रात. खोल्या शाळेला परत. कारण? स्थानिक व्यापाऱ्यांचा सुझाव.

टॅक्स, शाळा, इलाज, तिन्हींचा निकाल माझ्या एका भाषणात! पोरं व्हरांड्यातून आत आली, खोल्यांना निळा रंग लागला. आता ओरडायचं तरी कोणत्या तोंडाने? पोरांना बाहेर काढा म्हणून?

सर फाटकापाशी चष्मा वर-खाली करत कागद वाचत होते. मला बघून म्हणाले, "जगतापजी, यातले व्यापारी म्हणजे कोण हो?"

"सर... मी भाव करत होतो."

"कशाचा?"



दुसऱ्या दिवशी मी वाफेचं मशीन विकत आणून सरांकडे दिलं. वहिनी म्हणाल्या, "कशाला एवढा खर्च भाऊजी?" पण मशीन काय, बटण दाबलं की वाफ सोडतं. आज आपल्याने भागायचं नाही, हे ते सांगत नाही.

म्हणून मी त्या अधिकाऱ्याच्या ऑफिसात गेलो. या वेळी ठरवलं होतं, सरळ मागायचं. गेलो आणि खुर्चीवर बसायच्या आधीच बोललो, "साहेब, आम्हाला दवाखाना परत पाहिजे."

अधिकारी खुर्चीत मागे रेलून हसला. "या जगतापजी! तुमची ती जिरं-बडीशेपची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत झाली आहे. बाजारातल्या लोकांनीच सांगितली. आता बोला, खरं काय पाहिजे?"

"दवाखाना."

"ते ऐकलं. त्याच्या मागे काय आहे? गोडाऊनला जमीन?"

"नाही हो! दवाखाना!"

"परवाना अडकलाय कुठे?"

"साहेब, माझ्या शेजारणीला श्वास लागतो. तिथे नर्सबाई होत्या. मी त्या दिवशी खोटं बोललो. सगळी वस्ती जायची तिथे. माझ्या तोंडाला आग लागो, पण दवाखाना द्या!" बोलता बोलता मला रडू फुटलं. त्याच्या टेबलावर डोकं टेकवून रडलो मी, या वयात.

तो शिपायाला म्हणाला, "देख रे, इसे कहते हैं सियागंज! क्या एक्टिंग है!" आणि माझ्यासाठी चहा मागवला.

मग सरांनी अर्ज केला. सरळ, दोन वाक्यांचा, वस्तीच्या सह्यांसकट. त्यावर विचार चालू आहे, असं उत्तर आलं. अजून चालूच असेल.

थंडी पडली. माळव्याची थंडी तुम्हाला माहीत आहे, छातीत जाऊन बसते. एका सकाळी वहिनींना श्वास लागला. सरांनी मशीन लावलं आणि वाट बघितली. आता बरं वाटेल, आता बरं वाटेल. मग मला हाक मारली. मी गाडी काढून पलीकडच्या मोठ्या केंद्राकडे निघालो. पुलाचं काम चाललं होतं, चौक तुंबलेला. मी हॉर्न वाजवतोय, खाली उतरून लोकांपुढे हात जोडतोय, "भिया, जाने दो, मरीज है!" मागच्या सीटवर सर वहिनींची पाठ चोळत होते. चौक सुटला. मी गाडी दामटली, तर सर हळूच म्हणाले, "आता घाई करू नका."

वहिनींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेले लोक गेल्यावर मी सरांसमोर बसलो. म्हटलं, "सर, मला शिव्या द्या. दोन थोबाडीत मारा. हेडमास्तर आहात, हक्क आहे तुमचा."

सरांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग म्हणाले, "मी रोज म्हणायचो, आपल्या वस्तीच्या मागे आता कोणी उरलं नाही, दवाखाना गेला. ती ऐकायची नाही. म्हणायची, भाऊजींचा काहीतरी डाव असेल हो. ते वर घालून आणतील."

बघा. मी दवाखाना नको म्हणालो, ते सरकारला खरं वाटलं. पाहिजे म्हणालो, ते कोणालाच खरं वाटलं नाही. आणि मी जे नुसतं बढाईत बोललो होतो, ते एका बाईने शेवटच्या श्वासापर्यंत खरं धरलं!

बाजारात अजून हा किस्सा चालतो. दिवाळीच्या मिलनात कोणी ना कोणी म्हणतोच, "जगतापजी, ते मंत्रीजींवालं सांगा!" मला खांद्यावर उचललं, तिथे टाळ्या पडतात. तिथेच लोक उठून जेवायला जातात. पुढचं ऐकायला थांबलेले तुम्ही पहिलेच.

तुम्हीही उद्या कोणाला तरी सांगालच. सांगा, माझी हरकत नाही. हसवा लोकांना. फक्त एक करा भिया, हिशोब प्रामाणिक ठेवा. जगतापने बाजाराचा टॅक्स वाचवला हे जमेला लिहाल, तेव्हा नावे बाजूलाही लिहा. शांताबाई गायकवाड. आणि ही रक्कम कोणाच्या खात्यावर टाकायची असं कोणी विचारलं, तर सरकारचं नाव सांगू नका. माझं सांगा.